प्याला, शपथ आणि शरणागती

‘व्यसनमुक्ती’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्याच्या दोन्ही घटकांचे मूळ सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ संकट, अधःपात असा आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाच्या अठरा व्यसनांची गणना आढळते. त्यांपैकी दहा कामातून आणि आठ क्रोधातून उद्भवतात. मद्यपानाला तेथे शिकार, द्यूत, दिवसाची झोप, नृत्य, गीत आणि वाद्य यांच्या पंक्तीला बसविले आहे. (गायनवादनाची मद्याशी ही सोयरीक मराठी रसिकाला पटणे कठीण, पण ते असो.) ‘मुक्ती’ हा शब्द मात्र थेट मोक्षविचारातून आलेला. म्हणजे राजनीतीतील एक संज्ञा आणि अध्यात्मातील दुसरी, यांच्या संयोगातून हा समास सिद्ध झाला आहे. हिंदीतील ‘नशामुक्ति’ने पहिला घटक बदलला, दुसरा तसाच ठेवला. दारू सुटणे ही केवळ शरीराची घटना नसून आत्म्याचीही सुटका आहे, ही समजूत आपल्या भाषेतच मुरलेली आहे.

ही समजूत कितपत खरी, हा प्रश्न श्रद्धाळू आणि अश्रद्ध यांच्या वादात नेहमी ढोबळपणे विचारला जातो. धर्माने माणूस दारूतून सुटतो का, असे विचारण्यापेक्षा धर्मातील नेमकी कोणती गोष्ट उपयोगी पडते, शपथ की समुदाय, भय की शरणागती, असे विचारणे अधिक फलदायी ठरते. या चौकशीसाठी दिल्ली आणि तिचा परिसर ही विलक्षण समृद्ध भूमी आहे. तेथे या प्रयोगांचा पुरावा जवळजवळ पाचशे वर्षांचा आहे, आणि त्याच्या अनेक धाग्यांची टोके महाराष्ट्रात येऊन पोचतात.

आरंभ बाबरापासून करावा लागतो. १५२७ च्या प्रारंभी, राणा सांगाशी फत्तेपूर सिक्रीजवळील खानव्याला गाठ पडण्यापूर्वी, बाबराने मद्यत्यागाची शपथ घेतली. सोन्यारुप्याचे प्याले आणि सुरया फोडून त्यांचे तुकडे फकीर व गरीब यांना वाटण्यात आले; छावणीत असलेले मद्य काही ओतून देण्यात आले, काहीत मीठ घालून त्याचा शिरका करण्यात आला. सुमारे तीनशे सरदार-सैनिकांनी त्याचे अनुकरण केले. बाबरनाम्यातील हा प्रसंग धार्मिक आवेशाचा आणि युद्धनीतीचा म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. भेदरलेल्या सैन्याला धीर देण्याची ती युक्ती होती. पण अभ्यासकाने थांबावे असे स्थळ पुढे आहे. दोन वर्षांनी, १५२९ मध्ये, काबूलला असलेल्या ख्वाजा कलान या आपल्या जुन्या सोबत्याला लिहिलेल्या पत्रात बाबर कबूल करतो की मद्याच्या मैफलीची ओढ त्याला या काळात अपार झाली. कधी कधी तो रडकुंडीला येई. आता कुठे, ईश्वरकृपेने, ती ओढ ओसरली आहे. विजयी सम्राटाच्या लेखणीतून आलेले हे निवेदन कोणत्याही व्यसनमुक्ती केंद्रातील दोन वर्षे जुन्या रुग्णाचे वाटावे असे आहे. शपथ एका क्षणात घेतली गेली, तिची किंमत मात्र दोन वर्षे मोजावी लागली. शिवाय ‘माजून’ हा मादक पाक त्याने सोडला नाही, हेही त्याच्याच आत्मवृत्तावरून कळते. धर्माने ज्याचे नाव घेऊन निषेध केला तेवढेच सुटले.

पणतू जहांगीर याची कथा निराळी आहे. अठराव्या वर्षी सुरू झालेले त्याचे पिणे वाढत वाढत दिवसाला दोनदा ऊर्ध्वपातित केलेल्या मद्याच्या वीस प्याल्यांवर गेले. हात इतके कापू लागले की प्याला दुसऱ्याला धरावा लागे. हे सारे त्याने आपल्या आत्मवृत्तात आश्चर्यकारक मोकळेपणाने नमूद केले आहे. हकीम हुमामने त्याला स्पष्ट सांगितले की असेच चालले तर सहा महिन्यांत उपाय हाताबाहेर जाईल. जहांगीराने शपथ घेतली नाही, प्याले फोडले नाहीत. त्याने हळूहळू, वर्षानुवर्षे, मात्रा उतरवत सहा प्याल्यांवर आणली, अरकात सौम्य द्राक्षमद्य मिसळले आणि अफूचा आधार घेतला. आजच्या वैद्यकाच्या भाषेत ही मात्रा घटविण्याची, हानी कमी करण्याची पद्धत म्हणावी लागेल. तो पूर्ण मुक्त कधीच झाला नाही, पण त्याने बावीस वर्षे राज्य केले.

त्याच घराण्यातील तिसरा मार्ग बंदोबस्ताचा. जहांगीराचे दोन्ही भाऊ, मुराद आणि दानियाल, दक्षिणेच्या मोहिमेवर असताना मद्यापायी मेले. मुराद १५९९ मध्ये, दानियाल १६०५ मध्ये बऱ्हाणपुरास. दानियालला मद्य मिळू नये म्हणून अब्दुर्रहीम खानखानानने पहारे बसविले होते. शाहजाद्याच्या चाकरांनी बंदुकीच्या नळीतून ते आत आणले, आणि तेच त्याच्या मृत्यूचे कारण झाले, असे जहांगीर लिहितो. शपथ, वैद्य आणि पहारा हे तीन मार्ग एकाच कुटुंबाच्या चार पिढ्यांत आजमावले गेले. पुढील चार शतकांत दिल्लीत आणि अन्यत्र जे घडले ते बहुतांशी या तिहींच्याच निरनिराळ्या मिश्रणांतून घडले.

एक घटक मात्र मुघल दरबारात नव्हता, आणि तो म्हणजे समुदाय. बाबराबरोबर तीनशे जणांनी शपथ घेतली खरी. पण रोज एकत्र बसून एकमेकांची शपथ सांभाळणारी मंडळी तिच्यातून निर्माण झाली नाही. ही गोष्ट भारतात भक्तिपंथांनी केली. उत्तरेत शीख रहितीने तंबाखू वर्ज्य करून ते वर्जन ओळखीचे लक्षण बनविले. राधास्वामी सत्संगाने मद्य आणि मांस यांचा त्याग नामदीक्षेची पूर्वअट केली. महाराष्ट्रात हेच काम तुळशीच्या माळेने केले. माळ घालणारा वारकरी मद्यमांस सोडतो, एकादशी धरतो, वर्षातून वारी करतो. येथे बारकाईने पाहण्याजोगी आहे ती या माळेची सामाजिक यंत्रणा. ती गळ्यात दिसते. त्यामुळे गुत्त्याच्या दारात उभा असलेला माळकरी गावाच्या नजरेतून सुटत नाही. ती फडाच्या परंपरेतील वडीलधाऱ्याच्या हातून घातली जाते. त्यामुळे ती तोडणे हा एका माणसाचा विश्वासभंग ठरतो. आणि वारी दरसाल येते, म्हणजे निश्चयाचे नूतनीकरण पंचांगातच बसवलेले आहे. विठ्ठलावरील श्रद्धेचे मोल कमी न लेखताही असे म्हणता येईल की दारू सोडविण्याच्या कामी विठ्ठलाइतकाच दिंडीतला शेजारीही उपयोगी पडला.

गाडगेबाबांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी या यंत्रणेतील कर्मकांड काढून टाकले. अमरावती जिल्ह्यात १८७६ मध्ये परिटाच्या घरी जन्मलेल्या या मुलाचा बाप, झिंगराजी, दारूपायी संसार उद्ध्वस्त करून अकाली गेला. पुढे मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मांस न वाढता गोडधोड वाढण्याचा त्यांचा निर्णय चरित्रकारांनी आवर्जून नोंदविला आहे. त्या काळी जातपंगतीत दारू नाकारणे हे व्यक्तिगत पथ्य नव्हते, तो जातीशी मांडलेला उभा दावा होता. त्यांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे. श्रोत्याला त्याच्याच तोंडून उत्तर द्यायला लावणारे. स्वतःला गुरू न म्हणवता, शिष्य न करता, ते माणसाला त्याच्या घराचा हिशेब मांडायला बसवीत. दारूला पैसे जातात ते कोणाच्या ताटातून, हा प्रश्न त्यांच्या कीर्तनात देवाच्या आधी येई. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा महाराष्ट्रात एकही ‘व्यसनमुक्ती केंद्र’ नव्हते, आणि तरीही त्यांनी घरे सावरल्याची आठवण गावोगावी होती.

शपथेच्या मर्यादा मराठी वाङ्मयाने मात्र फार आधी ओळखल्या होत्या. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या नेतृत्वाखाली दारूच्या दुकानांवर निरोधन झाले, मद्यपाननिषेधाची चळवळ सुशिक्षितांत मान्यता पावली. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त, ज्याचा प्रयोग पाहायला नाटककार हयात नव्हता, त्या चळवळीच्या आशावादाचा मागमूसही नाही. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, आणि सोडतोही. पण सावरू पाहणाऱ्या त्या माणसाच्या वाट्याला प्रतिष्ठितांकडून अवहेलना येते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. टीकाकारांनी या नाटकाला अतिरंजित म्हटले, शोकांतिकेची जुळवाजुळव कृत्रिम म्हटली. त्यात तथ्य आहे. परंतु एका बाबतीत गडकऱ्यांचे निरीक्षण त्यांच्या काळातल्या उपदेशकांहून खोल होते. शपथ घेतलेल्या माणसाला उभे राहायला जागा लागते, आणि सुधाकरापाशी ती नाही. सिंधूची पतिभक्ती आहे, रामलालचा उपदेश आहे, तळीरामाचे आर्यमदिरामंडळही आहे. म्हणजे पिणाऱ्यांचा समुदाय आहे, पण सोडणाऱ्यांचा नाही. नाटकातील धर्म सारा पत्नीच्या सोसण्यात साठला आहे. तो सुधाकराला लज्जित करू शकतो, सावरू शकत नाही.

गांधीयुगात ही शपथ राज्याने उचलली. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी आली, राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात तिला मार्गदर्शक तत्त्वाचे स्थान मिळाले. या कायद्यांचा पुढचा प्रवास, परवाने आणि हातभट्ट्या यांसह, सर्वपरिचित आहे. बंदुकीच्या नळीची आठवण येथे अस्थानी ठरू नये.

याहून वेगळी आणि अधिक टिकाऊ घटना नागपूरला घडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दिल्लीतील अलीपूर रोडवरील निवासात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धम्मावरील ग्रंथाचे काम आयुष्याच्या अखेरीपर्यंत केले. या प्रतिज्ञेचे स्वरूप प्रायश्चित्ताचे नाही. पाप केले म्हणून सोडणे आणि आपण आता दुसरे कोणी झालो म्हणून सोडणे यांत मोठे अंतर आहे. अस्पृश्यतेने लादलेली ओळख टाकताना तिच्याशी जखडलेल्या सवयीही टाकायच्या, असा तिचा आशय आहे. पंचशीलातील पाचवे शील वंदनेबरोबर वारंवार उच्चारले जाते, म्हणजे वारीचे वार्षिक नूतनीकरण येथे जवळजवळ दैनंदिन होते. वस्तीवस्तीत दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या बौद्ध स्त्रियांना या शीलाने जो नैतिक आधार दिला त्याचा सविस्तर इतिहास अजून लिहिला जायचा आहे.

याच सुमारास दिल्लीत आणखी एक बीज पडले. १९५७ मध्ये राजधानीतील कॅनडाच्या वकिलातीत नेमणुकीवर आलेल्या एका सदस्यामुळे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चे काम भारतात सुरू झाले, आणि त्याच वर्षी मुंबईतही सभा भरू लागली. अमेरिकेत १० जून १९३५ पासून आपले आयुष्य मोजणाऱ्या या संघटनेचे मूळ निःसंशय धार्मिक आहे. फ्रँक बुकमन या लुथरपंथी धर्मोपदेशकाच्या ‘ऑक्सफर्ड ग्रुप’मधून ती निघाली. तिचा एक संस्थापक बिल विल्सन याला साक्षात्कार झाला तो न्यूयॉर्कच्या रुग्णालयात, डॉक्टरांची औषधे चालू असताना. त्यानंतर त्याने विल्यम जेम्सचा धर्मानुभवाच्या विविध प्रकारांवरील १९०२ चा ग्रंथ वाचला. १९३९ मध्ये छापल्या गेलेल्या बारा पायऱ्यांपैकी निम्म्यांत ईश्वराचा किंवा आपल्याहून मोठ्या शक्तीचा निर्देश आहे. पण देव न मानणाऱ्या सदस्यांच्या आग्रहाने त्या ईश्वराला ‘आपल्याला जसा समजला तसा’ अशी पुस्ती जोडली गेली. धर्मेतिहासात इतक्या थोड्या शब्दांनी इतके दरवाजे क्वचितच उघडले असतील. दिल्लीचा शीख, मुंबईचा कॅथलिक आणि पुण्याचा नास्तिक या पुस्तीमुळे एका खोलीत बसू शकले.

भारतीय मनाला ही पद्धत परकी वाटली नाही याचे कारण शोधणे अवघड नाही. स्वतःची हतबलता कबूल करणे, आपल्याहून मोठ्याच्या हाती सुकाणू देणे, दोषांचा उच्चार दुसऱ्यासमोर करणे, आणि पुन्हा पडलेल्याला पुन्हा जवळ घेणे, ही चौकट भक्तिपरंपरेतील शरणागतीची आहे. ‘पतितपावन’ हे विशेषण देवाला लावणाऱ्या समाजात पतिताचे स्थान आधीच निश्चित होते. शपथ आणि शरणागती यांतला फरक येथेच आहे. शपथ माणसाच्या बळावर उभी असते, म्हणून ती मोडली की माणूसही मोडतो. शरणागतीचा प्रारंभच बळ संपल्याच्या कबुलीने होतो. बाबराने शपथ घेतली, सुधाकराने निश्चय केला. बारा पायऱ्यांवरचा माणूस केवळ आजच्या दिवसापुरते बोलतो.

१९८० च्या दशकात प्रश्नाचे रूप पालटले. ‘स्मॅक’, ‘गर्द’, ब्राउन शुगर या नावांनी अशुद्ध हेरॉइन दिल्ली-मुंबईच्या वस्त्यांत पसरले. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला. उत्तर दिल्लीच्या पोलीस उपायुक्त किरण बेदी यांनी चोऱ्यामाऱ्यांच्या मुळाशी नशा आहे हे ओळखून पोलिसांच्याच पुढाकाराने उपचार केंद्रे सुरू केली. ‘नवज्योती’ संस्था त्यातून उभी राहिली. १९९३ मध्ये तिहार तुरुंगाची सूत्रे हाती आल्यावर त्यांनी सत्यनारायण गोएंका यांची विपश्यना शिबिरे तेथे भरविली. एप्रिल १९९४ मध्ये हजारांहून अधिक कैदी एकाच वेळी दहा दिवस मौन धरून बसले. तिहारमध्ये त्या वेळी क्षमतेच्या कितीतरी पट माणसे कोंबलेली होती, हे लक्षात घेतले तर त्या मौनाचे मोल कळते. म्यानमारमध्ये जन्मलेले आणि इगतपुरीच्या ‘धम्मगिरी’तून काम करणारे गोएंका विपश्यना हा धर्म नव्हे, असे सतत सांगत. तथापि शिबिराचा आरंभ पंचशील घेण्याने होतो, परिभाषा पाली आहे, आणि व्यसनाची मुळे पदार्थात नसून संवेदनेला चिकटून राहणाऱ्या तृष्णेत आहेत हा सिद्धांत बुद्धाचा आहे. धर्मनिरपेक्ष राज्याने आपल्या तुरुंगात हे शिकवावे का, ही शंका निरर्थक नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये न्यायालयांनी कैद्याला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेची सक्ती करणे घटनाबाह्य ठरविले. भारतात हा प्रश्न तितक्या धारदारपणे विचारला गेला नाही. शिबिर ऐच्छिक आहे हे उत्तर पुरेसे मानले गेले. ज्याचा दिवसच दुसऱ्याच्या हुकुमाने उगवतो त्याची इच्छा किती ऐच्छिक असते, हे मात्र अनिर्णितच राहिले.

पुण्यातील ‘मुक्तांगण’चा अनुभव या संदर्भात लक्षणीय आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी हे केंद्र सुरू केले. ‘संभ्रम’मध्ये बुवाबाजीची परखड चिकित्सा करणारा लेखक येथे बारा पायऱ्यांच्या विचाराकडे वळला, ही विसंगती वरवरची आहे. अवचटांनी त्या विचारातील कबुली, परस्परसोबत आणि आजच्या दिवसाचे तत्त्व घेतले. चमत्कार घेतला नाही. मुंबईत १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी स्थापन केलेल्या ‘कृपा’ने याच्या उलट दिशेने येऊन असाच संगम साधला. कॅथलिक धर्मगुरू, अमेरिकन बारा पायऱ्या आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांची योगासने! पंथाभिमानी माणसाला तिन्ही बाजूंनी आक्षेप घेता येईल; रुग्णाने घेतल्याचे ऐकिवात नाही.

मात्र धर्माचा आधार घेणारे सर्वच असे नव्हते. दिल्ली, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशाच्या पट्ट्यात गल्लोगल्ली निघालेल्या खाजगी नशामुक्ती केंद्रांपैकी काहींत भिंतीवर देवांच्या तसबिरी, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आणि दरम्यान कुलूप, उपासमार व मारहाण असे चित्र वेळोवेळी उघड झाले. दानियालच्या पहाऱ्याला येथे आरतीची जोड मिळाली, एवढेच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला, त्यामुळे अशा आजारावर निवासी उपचार करणाऱ्या संस्थांवर नोंदणीचे आणि रुग्णाच्या हक्कांचे बंधन आले. कायद्याने डांबून ठेवणे आणि सोबत देणे यांत रेषा ओढली. श्रद्धेला ती नेहमीच ओढता आलेली नव्हती.

वैद्यक आणि बारा पायऱ्या यांचा वादही आता पूर्वीइतका कडवा राहिलेला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी यांचा विचार करून असे दाखविले गेले की संपूर्ण मद्यत्यागाच्या बाबतीत बारा पायऱ्यांवर आधारित उपचार अन्य प्रस्थापित उपचारांइतकेच, काही ठिकाणी त्यांहून अधिक, परिणामकारक ठरतात. हा परिणाम होतो कसा, याचा शोध घेणाऱ्या संशोधकांचे बोट बदललेल्या सोबतीकडे आणि वाढलेल्या आत्मविश्वासाकडे अधिक वळते, श्रद्धेकडे त्यामानाने कमी. माळकऱ्याला हे नवे वाटणार नाही.

दिल्लीच्या सीमेला लागून गाझियाबादला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र आहे. १९८८ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या या केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात, आणि ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना त्याबाबत मदतीची गरज आहे. अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेलेल्यांना तेथे ब्युप्रेनॉर्फिन दिले जाते, म्हणजे एका घातक पदार्थाच्या जागी मोजून दिलेला, कमी घातक दुसरा. बारा पायऱ्यांच्या कडव्या अनुयायांना ही मुक्तीच वाटत नाही. हकीम हुमामला ती ओळखीची वाटली असती. त्या केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात गोळी घेऊन बाहेर पडणारा माणूस संध्याकाळी गुरुद्वारात, सत्संगात, दर्ग्यात किंवा अनामिकांच्या सभेत जाऊन बसतो का, हे केसपेपरवर लिहिले जात नाही.